तरवड विकत घ्यावा का? नर्सरीतून आणलेल्या रोपांचा रिव्ह्यू, धुळ्याहून

ज्यांचं घर मुरमावर आहे त्यांच्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितोय, बाकीच्यांनी वाचला तरी चालेल. धुळ्यात देवपूरच्या पुढे जे नवीन प्लॉटिंग पडलंय तिकडे आमचं घर, खाली काळा कातळ आणि वर हातभर मुरूम, माती नावाला. कुदळ मारली की ठिणगी उडते. अशा जागी कंपाउंडच्या दोन बाजूंना मी तरवड लावलाय, आणि तोही पैसे देऊन, नर्सरीतून. हो तोच तरवड, लळिंगच्या डोंगरावर, हायवेच्या कडेला, पडीक रानात, जिथे दुसरं काही उगवत नाही तिथे पिवळाधम्मक फुललेला असतो तो.

शेजारचे आप्पा गेटवर येऊन म्हणे, "काय रे भो, पैसा दिसन तरवड लयना? रानमा फुकट पडेल से ना!" रानात फुकट मिळतो तर पैसे देऊन का आणला, हा प्रश्न तुम्हालाही पडणार म्हणून आधीच सांगतो. रानातला तरवड उपटून आणून जगत नाही, निदान सहजासहजी तरी नाही. त्याचं सोटमूळ सरळ खाली जातं, झाड गुडघ्याएवढं दिसत असलं तरी मूळ कातळाच्या फटीत कुठवर गेलेलं असतं ते त्यालाच माहीत, उपटताना ते तुटतं आणि वरचा पाला तेवढ्याच्या भरवशावर राहत नाही. शिवाय ते रान कुणाचं तरी असतं, वनखात्याचं नाहीतर गावाचं, आणि तिथलं झाड उपटून आपलं कंपाउंड सजवायचं हे मला पटत नाही. बी गोळा करून लावता येतं, ते खरंच सोपं आहे, पण त्यावर खाली बोलतो.

तर नर्सरी. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि माणूस वाईट नाही. हायवेला लागून आहे, मोठी आहे, पुढच्या बाजूला नेहमीचा शोरूम माल, म्हणजे शोभेचे पाम, गुलाब, जास्वंद, बोगनवेलीचे सतरा रंग, आणि मागे हिरव्या नेटखाली खरी रोपं. तरवड मागितला तर पोरगा आधी हसला, मग म्हणाला साहेब टेकोमा घ्या ना, तेच पिवळं फूल, लवकर वाढतं. मग म्हणाला कोनोकार्पस घ्या, सहा महिन्यात भिंत तयार. इथे मी जरा चिडलोच. कोनोकार्पस आपल्या शेजारी गुजरातने 2023 मध्ये लावायलाच बंदी केलीये, नवापूर ओलांडलं की बंद, आणि आपल्याकडे मात्र अजून गाड्या भरभरून खपतोय. मालकाला बोलावलं तेव्हा त्याने मागच्या कोपऱ्यातून तरवडाच्या पिशव्या काढल्या, धूळ बसलेल्या. कुठल्या तरी प्रोजेक्टसाठी तयार केला होता, माल उरला, असं काहीतरी म्हणाला.

दोन साईझ होत्या. वीतभराची रोपं 30 रुपयाला आणि कमरेएवढी 120 ला. इथे माझा सल्ला डोळे झाकून घ्या, छोटंच घ्या. मोठ्या रोपाची पिशवी उचलून खाली बघा, मूळ पिशवीला भोक पाडून जमिनीत घुसलेलं असतं आणि उचलताना तुमच्यासमोरच कटकन तुटतं, म्हणजे 120 रुपये देऊन तुम्ही मुख्य मूळ नर्सरीतच ठेवून आलात. जे घुसत नाही ते पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरलेलं असतं, ते नंतर कधी सरळ होत नाही. मी बहुतेक छोटी घेतली आणि बायकोच्या आग्रहाखातर काही मोठी, कारण तिला लगेच आडोसा हवा होता. दुसरा पावसाळा संपेपर्यंत छोट्यांनी मोठ्यांना मागे टाकलं, आणि मोठ्यांपैकी काही तर पहिल्या उन्हाळ्यातच आटोपली. आता ती काही म्हणत नाही, मीही काढत नाही विषय.

दुसरी गोष्ट, पिशवीतली माती. आपल्याकडे सगळ्या नर्सऱ्या तापीकाठची नाहीतर कुठली तरी काळी माती भरतात कारण ती मिळते. ओली असताना मस्त, पण सुकली की आकसते आणि विटेसारखी होते. मुरमाच्या खड्ड्यात ती तशीच्या तशी ठेवली की ढेकूळ आणि मुरूम यांच्यामध्ये फट पडते, पाणी त्या फटीतून खाली निघून जातं आणि मूळ आत कोरडं. रोप मेलं की नर्सरीवाला म्हणतो पाणी कमी पडलं. पाणी कमी नाही रे बाबा, पाणी पोहोचलंच नाही. उपाय साधा आहे, लावायच्या आधी पिशवी बादलीत बुडवून पूर्ण भिजवायची, बाहेरचा थर हलक्या हाताने मोकळा करायचा, मधलं मूळ हलवायचं नाही, आणि खड्ड्यातून निघालेला मुरूमच परत भरायचा, थोडं शेणखत मिसळून. खूप खत घालून लाड करायची गरज नाही. हे सगळं नर्सरीवाल्याने सांगायला हवं, त्याने काय सांगितलं तर "रोज पाणी टाका साहेब." रोज पाणी टाकून मारायला घेतलंय का ते झाड?

आणि सगळ्यात मोठी तक्रार, मालात भेसळ. आणलेल्या रोपांतली काही तरवड नव्हतीच. कासविंदा होता, आणि एक तर सरळ टाकळा, जो पावसाळ्यात बांधावर फुकटात उगवतो आणि आपण भाजी करून खातो. ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी, सेन्ना, फूल पिवळं, पान तसंच जोडीजोडीचं, त्यामुळे रोप लहान असताना फसायला होतं. पण ओळखायची खूण पक्की आहे. तरवडाच्या पानाचा दांडा जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना गोल, कानाच्या पाळीसारखी हिरवी पानटं असतात, चांगली मोठी, आणि लवकर गळत नाहीत. त्याच्या शास्त्रीय नावात सेन्ना ऑरिक्युलाटा असं जे येतं ते या कानांवरूनच. शिवाय पानाच्या दांड्यावर प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी गाठ असते, टोकदार. कासविंद्याला अशी गाठ फक्त खाली देठाच्या बुडाशी एकच, आणि टाकळ्याला खालच्या एकदोन जोड्यांतच. टाकळ्याच्या दर पानाच्या दांड्यावर छोट्या पानांच्याही मोजून तीनच जोड्या, तरवडाला साधारण आठ ते बारा. म्हणजे नर्सरीत उभं राहून अर्ध्या मिनिटात चेक होतं. मी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले तर रिप्लाय आला "सर सेम फॅमिली आहे." सेम फॅमिली म्हणजे काय, मी लग्नाला मुलगी बघायला आलोय का? बदलून दिली मात्र, ते मान्य करतो, वाद न घालता दिली आणि छोट्या हत्तीतून घरपोच, त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

मालकाने अजून एक ठोकून दिलं होतं की हे झाड शेंगवर्गातलं आहे, जमिनीला नायट्रोजन देतं. शेंगवर्गातलं आहे हे बरोबर, पण सेन्ना जातीच्या मुळांवर तूर-हरभऱ्यासारख्या त्या नायट्रोजन धरणाऱ्या गाठी सहसा येतच नाहीत. पाला कुजून जे मिळेल ते मिळेल, दक्षिणेत भातखाचरात तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून घालायचे, ते ठीक. पण नायट्रोजनच्या नावाने विकू नका.

आता मुद्द्याचं, झाड कसं निघालं. भारी निघालं. जून संपता संपता लावलं, पाऊस होता तोवर हात लावला नाही, पहिल्या हिवाळ्यात आठवड्याला एक बादली आणि उन्हाळ्यात तेवढंच, संध्याकाळी. दुसऱ्या वर्षापासून पाणी बंद. पूर्ण बंद. आपल्याकडे मे महिन्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको, धुळ्यात पारा 43-44, जळगाव-भुसावळवाल्यांचं तर विचारूच नका, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कॉलनीत लोकांचे लॉन पिवळे पडले, जास्वंद करपली, टँकर मागवून झाडं जगवणं चालू होतं, आणि हा गडी हिरवा. थोडा विरळ होतो, पानं जरा मिटल्यासारखी दिसतात, पण बोडका होत नाही. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी हे पाहिलेलंच असेल, सगळं रान राखाडी झालेलं असतं आणि रस्त्याच्या कडेला हीच काय ती हिरवी झुडपं. साक्री-नंदुरबारकडे जाताना शेतांच्या मधून त्या काळ्या दगडांच्या लांबच लांब रांगा दिसतात ना, डाइक म्हणतात त्याला, जुन्या भेगांत लाव्हा घुसून गोठलेला, त्या दगडांतही तरवड मी बघितलाय. तिथे जो जगतो त्याला आपलं कंपाउंड म्हणजे फाइव्ह स्टार.

फुलं वर्षभर थोडी थोडी असतात, पण खरी मजा पावसाळा संपत आल्यावर, फांदीच्या टोकाला गुच्छच्या गुच्छ. नवरात्रात घटाला माळ घालायला कॉलनीतल्या बायका आता आमच्याकडे येतात, आप्पांच्या घरूनही येतात, हे आवर्जून लिहितोय. वास म्हणाल तर जवळजवळ नाही, ज्यांना रातराणी टाइप सुगंध हवाय त्यांचा भ्रमनिरास होईल. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे सकाळी येणारे काळे मोठे भुंगे, लाकूड पोखरतात ते. या फुलात मध नसतोच, नुसते परागकण, आणि तेही पुंकेसराच्या टोकाला बारीक भोकाच्या आत कोंडलेले. भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि अंग थरथरवतो, जोरात घूंऽऽ असा आवाज होतो आणि पावडर बाहेर उडते. मधमाशीला अशी थरथर जमत नाही. चहा घेऊन बसा आणि ऐका, उडतानाचा आवाज वेगळा आणि फुलावरचा वेगळा, चक्क सूर बदलतो. पोरं आधी घाबरायची, आता मोजत बसतात.

अळ्या पडतात, हे माहीत असू द्या. पावसाळ्यात हिरव्या बारीक अळ्या पानं चट्टामट्टा करतात आणि नर्सरीवाला लगेच औषध विकायला तयार. मारू नका, त्या पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत, ती अंडी घालायला तरवड-बहावा-टाकळा याच घराण्यात येतात. झाड परत फुटतं, पंधरवड्यात कळतही नाही.

गुरांचा फायदा सगळ्यात मोठा. आमच्या बाजूला मोकाट गाई आणि शेळ्यांचे कळप रोज जातात, ट्री गार्डशिवाय काही टिकत नाही. तरवडाला सहसा कुणी तोंड लावत नाही, चरून चरून उघड्या पडलेल्या गायरानावर शेवटी हाच उरतो त्याचं कारण तेच. कण्हेरीलाही गुरं खात नाहीत, तीही उन्हात टिकते आणि हायवेच्या डिव्हायडरवर भरभरून लावतात, पण कण्हेरीचं मूळ-पान-फूल सगळंच विषारी, थेट हृदयावर काम करणारं विष, लहान पोरं आणि शेळ्या असलेल्या घरी मी तरी लावणार नाही. बोगनवेल छान, पण काटे आणि दरवर्षी छाटणीला माणूस. टेकोमा वाईट नाही, पण तो बाहेरचा पाहुणा.

आता वाईट बाजू, नाहीतर म्हणाल पेड रिव्ह्यू आहे. हे भिंतीसारखं कुंपण नाही, खालून बोडकं होतं आणि कुत्री-डुकरं आरामात आरपार जातात. प्रायव्हसी पाहिजे असेल तर तीन फुटांवर एक लावा आणि फुलांचा बहार ओसरला की दरवर्षी अर्ध्यावर छाटा, न छाटल्यास लांबुटका आणि वाकडा होतो. वाळलेल्या शेंगा, चपट्या, कागदासारख्या, झाडावर महिनोन्महिने लटकतात, वाऱ्यात खुळखुळतात, आमच्या आईला ते दृश्य अजिबात आवडत नाही, दरिद्री दिसतं म्हणते. उंची माणसाएवढी, फार तर थोडी जास्त, सावलीची अपेक्षा करू नका. आणि काळ्या चिबड जमिनीत, जिथे पाणी साचतं, तिथे लावूच नका, अमळनेर-चोपड्याकडच्या भारी मातीवाल्यांनी आधी उंचवटा करावा किंवा दुसरं काही बघावं.

बियांचं राहिलं. शेंगा तपकिरी झाल्या की तोडा, बी काढा, वरचं टरफल कडक असतं म्हणून नुसतं पेरलं तर बरंच बी मातीत तसंच पडून राहतं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग बी टाकायचं आणि रात्रभर त्यातच राहू द्यायचं, सकाळी जे फुगलं ते पेरायचं. शक्यतो पिशवीत न पेरता थेट जागेवर पेरा, सोटमुळाला कुणी अडवणार नाही. वेळ असेल तर हाच मार्ग बेस्ट, 30 रुपयेही वाचतात. मग रोप विकत का घ्यायचं? कारण पेरलेल्या जागी पहिल्या वर्षी गवत आणि कोंबड्या दोन्हींपासून राखण करावी लागते, नोकरीवाल्याला जमत नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही विचारून बघा, मिळालं तर प्रायव्हेटपेक्षा स्वस्त पडतं.

जाता जाता तरवडाच्या फुलांच्या चहाबद्दल, कारण रोपं बघून लोक तेच विचारतात. ऑनलाइन सुकवलेल्या फुलांचं पाकीट मागवलं होतं, तमिळनाडूकडचा माल, तिकडे आवारम पू म्हणतात आणि घरोघरी पितात, श्रीलंकेतही रणवरा म्हणून पितात. चव सौम्य, शेवटी किंचित तुरट, रंग छान सोनेरी. पण पाकिटात निम्मा भुगा आणि देठं, आणि पाकिटावर शुगर मुळापासून बरी करण्याचा दावा. पिण्यापुरतं ठीक आहे, डायबेटिसच्या गोळ्या बंद करून असलं काही पिऊ नका. आता घरचीच फुलं सावलीत वाळवतो, पाकिटापेक्षा चांगली लागतात. मात्र सोनामुखीचा पाला म्हणून कुणी सुट्टा पाला विकत असेल तर जपून, त्यात तरवडाचा पाला मिसळायची सवय बाजारात फार जुनी आहे. साल हा अजून एक विषय, तिच्यात टॅनिन 18 टक्क्यांच्या आसपास, चामडं कमावणारी जुनी माणसं बाभळीबरोबर हीच साल वापरायची. घरी सोलू नका, झाड जातं.

एक खटकतं ते सांगतो. तेलंगणाने 2014 साली वेगळं राज्य झाल्यावर हेच फूल राज्यफूल केलं, तिकडे त्याला तंगेडू म्हणतात, बतुकम्मा या त्यांच्या फुलांच्या सणाला त्याचे थर रचतात. आपलं राज्यफूल ताम्हण, सुंदर आहे, पण ते पाण्याच्या काठचं झाड, आणि आपल्या प्रत्येक नर्सरीत ताम्हण मिळतं, मुरमाच्या प्लॉटवाल्याला तेच गळ्यात मारतात. तरवडाच्या मालाची अडचण नाहीये, गिऱ्हाईक मागतच नाही म्हणून तो कोपऱ्यात धूळ खातो. त्यामुळे मागा. चार जणांनी मागितलं की तोच पोरगा पुढच्या रांगेत मांडेल आणि 30 चे 60 करेल, तोवर घेऊन टाका.

रेटिंग: झाडाला 5 पैकी साडेचार, अर्धा आईच्या शेंगांमुळे कापला. नर्सरीला अडीच, त्यातला एक बदलून दिल्याबद्दल. जायचं तर जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर सकाळी जा, मालक दुपारनंतर नसतो आणि पोराला कासविंदा कुठला आणि तरवड कुठला ते अजूनही कळत नाही.